खांदा आखडलाय, व्यायाम किती सोसायचा?

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला तो कसा समजला ते आधी लिहितो. वय ५२, शाळेत शिकवता, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सहा महिन्यांपूर्वी काही लागलं नाही, पडलं नाही, तरी उजवा खांदा दुखायला लागला. आता फळ्यावर वरच्या बाजूला लिहिता येत नाही, ब्लाउजचे मागचे हुक लागत नाहीत, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते. पहिल्या डॉक्टरांनी मानेचं दुखणं सांगून गळ्यात पट्टा दिला, दुसऱ्यांनी फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असं सांगितलं, आणि एमआरआयच्या रिपोर्टात एका स्नायूला अर्धवट चीर असल्याचं आलं. फिजिओथेरपीला जाता तिथे हात जोरात ताणतात आणि पुढचे दोन दिवस खांदा ठणकतो. घरचे म्हणतात, सोसल्याशिवाय सुटायचा नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनची भीती वाटते. भूल देऊन हात मोकळा करून घ्यावा की आपोआप बरा होईल म्हणून थांबावं, हे तुम्हाला कळत नाहीये.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत आखडलेले खांदे भरपूर असतात. तुमचा खांदा मी हात लावून पाहिलेला नाही, त्यामुळे खाली लिहितोय त्यातलं काही तुम्हाला लागू पडेल, काही नाही. जिथे तपासणीवर अवलंबून आहे तिथे तसं सांगतो.

तुम्ही व्यायामाबद्दल विचारलंय, पण त्याच्या आधीचे दोन प्रश्न सुटले की व्यायामाचं उत्तर जवळपास मिळतंच. एक, हा खांदा खरंच आखडलेला आहे का? दुसरा, आखडलेला असेल तर सध्या त्यात दुखणं जास्त आहे की जखडणं? जो ताण चार-सहा महिन्यांनी तुमचा हात सोडवेल, तोच आज दिला तर दुखणं वाढवतो. तुमच्याकडे सध्या नेमकं हेच चाललंय, असा माझा अंदाज आहे.

आधी निदान. घरी एक गोष्ट करून पाहा. खुर्चीत ताठ बसा, दोन्ही कोपरं कमरेला टेकवून काटकोनात वाकवा, तळवे एकमेकांसमोर धरा. आता कोपर अंगापासून न सोडता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात साधारण ६० अंश किंवा त्याहून जास्त बाहेर जाईल. दुखरा हात त्याच्या निम्म्यातही अडला, तर घरातल्या कुणाला तरी तुमचं मनगट धरून तो हलकेच आणखी बाहेर न्यायला सांगा. तुम्ही हात सैल सोडायचा. जोर लावायचा नाही, फक्त पाहायचं. तुम्ही हलवा की दुसऱ्याने हलवा, हात त्याच जागी अडत असेल तर तो आखडलेला खांदा असण्याची शक्यता खूप मोठी.

या एका हालचालीवर मी इतका भर देतो याचं कारण आहे. हात वर न जाणं हे खांद्याच्या जवळपास प्रत्येक दुखण्यात असतं, त्यावरून काही कळत नाही. स्नायू फाटलेल्या माणसाला स्वतःहून हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलून दिला तर बहुधा तो वर जातो. मानेतली नस दबली असेल तर खांदा सगळ्या बाजूंनी फिरतो. त्यात कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात आणि मान वळवली की त्रास कमी-जास्त होतो. आखडलेल्या खांद्याचं दुखणं बहुतेक वेळा दंडाच्या बाहेरच्या अंगाला जाणवतं, लस टोचतात त्या जागेच्या आसपास. रुग्ण ‘दंड दुखतो’ असं सांगतो आणि खांद्याकडे कुणी बघतच नाही. मानेचा एक्स-रे काढला की पन्नाशीच्या माणसात मणक्यांची झीज दिसणारच. ती दिसली की पट्टा मिळतो. तुमची मान वळवून दंडाच्या कळेत काही फरक पडत नसेल, तर तो पट्टा कपाटात ठेवून द्या.

एमआरआयमधल्या ‘अर्धवट चिरे’ने घाबरू नका. ज्यांचा खांदा मुळीच दुखत नाही अशांचा एमआरआय पन्नाशी-साठीत काढला, तरी बऱ्याच जणांत अशा चिरा सापडतात. तपासणीत हात सगळीकडूनच अडत असेल तर सध्याचं दुखणं त्या चिरेचं नाही. आखडलेल्या खांद्यासाठी एमआरआय सहसा लागतही नाही. साधा एक्स-रे मात्र हवा, आणि तो दोन दिशांनी. फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे जवळजवळ स्वच्छ येतो. तो काढायचा तो बाकीच्या गोष्टी वगळायला. सांध्याची झीज, दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं, कॅल्शियम साठणं, यांतही खांदा अडतो. फिट आल्यानंतर किंवा विजेचा झटका बसल्यानंतर खांदा मागच्या बाजूला निखळून तसाच अडकून बसतो, आणि फक्त समोरून काढलेल्या एक्स-रेत तो हुकू शकतो. तुमच्या कहाणीत तसं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्यांत कुणाला फिट येत असेल तर त्यांनी लक्षात ठेवावं.

काही लक्षणं असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं. तापासोबत खांदा लाल-गरम होऊन सुजणं, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, हाताची पकड सुटणं. आणि डावा हात जिना चढताना भरून येत असेल, थांबलं की उतरत असेल, तर तो खांदा नव्हे, हृदय तपासायचं.

आता आत काय होतं ते. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, ढगळ आवरण असतं. काखेच्या बाजूला त्याला चांगली सैल घडी असते, म्हणून हात डोक्यावर जातो. या दुखण्यात ते आवरण आधी सुजतं, मग जाड होतं आणि आकसतं. धुवून आटलेला सदरा घातला की काखेत जसा काचतो आणि हात वर करू देत नाही, तसंच. निरोगी खांद्याच्या सांध्यात साधारण १५ ते ३० मिली द्रव मावतो. आखडलेल्या खांद्यात १० मिलीही कष्टाने जातो. या आवरणाचा पुढच्या बाजूचा पट्टा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त आकसतो, म्हणून बाहेर उघडण्याची ती हालचाल पहिल्यांदा जाते. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये या दुखण्याला फ्रोझन शोल्डर म्हटलं, १९४५ मध्ये ज्युलियस नेव्हायझर यांनी दोष या आवरणात असल्याचं दाखवलं. आवरण आकसायला सुरुवात कशाने होते, याचं पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून नाही. त्यामुळे ‘थंड पाणी प्यायल्याने’, ‘उशी बदलल्याने’, ‘पंख्याखाली झोपल्याने’ असली कारणं कुणी छातीठोकपणे सांगितली तर ऐकून सोडून द्या.

मधुमेहाशी असलेला संबंध मात्र पक्का आहे. सर्वसाधारण लोकांत शंभरात २ ते ५ जणांना हा त्रास होतो असं धरतात. मधुमेहींत हाच आकडा १० ते २० पर्यंत जातो. थायरॉइडच्या रुग्णांतही प्रमाण जास्त असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून जास्त. म्हणून खांदा आखडून कुणीही आलं की मी पहिल्याच दिवशी साखर तपासायला सांगतो. खांद्यामुळेच मधुमेह पहिल्यांदा सापडला असे लोक माझ्यासारख्या प्रत्येकाने पाहिले असतील. तुमचा मधुमेह माहीत आहे, पण तुम्ही फक्त उपाशीपोटीचा आकडा लिहिलाय. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी आणि थायरॉइडसाठी टीएसएच या दोन्ही करून घ्या. साखर आटोक्यात आली म्हणून खांदा लगेच सुटेल असं मी म्हणणार नाही, पण साखर चढलेली असताना दुखणं जास्त चिवट होतं, आणि पुढचे इंजेक्शनचे व शस्त्रक्रियेचे निर्णय या आकड्यावर ठरतात. जाता जाता दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडून पाहा. बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात हातांचे सांधेही असे ताठरतात.

दुखण्याचे तीन काळ सांगितले जातात. पहिला दुखण्याचा: खांदा विश्रांतीतही ठणकतो, रात्र जड जाते, हालचाल आठवड्यागणिक कमी होत जाते. हा दोन ते नऊ महिने चालू शकतो. दुसरा जखडण्याचा: ठणका ओसरतो, झोप लागू लागते, पण हात जिथल्या तिथे; कळ येते ती हालचालीच्या टोकाला. हे चार महिन्यांपासून वर्षभर. तिसरा सुटण्याचा, जो काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लांबतो. पुस्तकात या तिघांच्या मध्ये रेघ असते, माणसांत ती नसते. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की तुम्ही अजून पहिल्या काळात आहात, दुसऱ्याच्या तोंडाशी. झोपमोड हीच माझी मुख्य खूण.

‘आपोआप बरं होतं का’ याचं उत्तर म्हणून बऱ्याच जणांना ‘हो, दोन वर्षांत’ असं सांगून परत पाठवतात. ते अर्धं खरं आहे. बहुतेकांचा हात रोजची कामं करण्याइतका मोकळा होतो, हे नक्की. पण वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बऱ्याच जणांना थोडीफार कळ किंवा थोडा अडथळा उरलेला दिसला, आणि मधुमेहींमध्ये तो जास्त उरतो. शिवाय ‘दोन वर्षं’ हे बोलायला सोपं आहे. रात्री तीनदा उठणाऱ्या आणि सकाळी साडेसातच्या शाळेला पोचणाऱ्या बाईला ‘थांबा, होईल बरं’ सांगणं हा उपचार नव्हे. दुखणं आपल्या वेळेने जाणार असेल तर जाऊ दे, तोवरचा त्रास कमी करणं आपल्या हातात आहे आणि ते करायला हवं.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे येतो, आणि ती माझ्याच व्यवसायाबद्दल आहे. सुजलेल्या आवरणाला जबरदस्तीने ताणलं तर ते आणखी सुजतं. स्नायू भीतीने आवळतात, दुसऱ्या दिवशी हात होता त्यापेक्षा कमी उघडतो, मग त्यावर आणखी जोर लावला जातो. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे जाऊन ताणणारी जोरकस फिजिओथेरपी दिली; दुसऱ्याला दुखणं समजावून सांगितलं आणि सोसेल तेवढेच व्यायाम दिले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला होता, पहिल्या गटात ६३ टक्क्यांचा. अभ्यास लहान होता, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून मी त्याला ब्रह्मवाक्य मानत नाही. पण टेबलावर रोज जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. तुमच्या फिजिओंना स्पष्ट सांगा की ताणल्यावर दोन दिवस ठणका राहतो. चांगला फिजिओ लगेच हात आखडता घेईल. ‘थोडं सोसावं लागतं ताई’ म्हणून पुन्हा तितकंच ओढलं तर दुसरा शोधा.

मोजमाप म्हणून मी रुग्णांना एवढंच सांगतो: व्यायामाच्या वेळी ओढ जाणवली पाहिजे, थोडं दुखलं तरी चालेल, पण अर्ध्या-पाऊण तासात ते आधीच्या पातळीवर उतरलं पाहिजे आणि त्या रात्रीची झोप बिघडता कामा नये. झोप बिघडली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. अजिबात बंद करायचं नाही. हात गळ्यात बांधून ठेवणं हे दुसरं टोक, त्यानेही खांदा धरतो.

तुमच्या सध्याच्या काळात मी दोन-तीनच गोष्टी देईन. टेबलाच्या कडेला चांगल्या हाताने टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या आणि कंबर हलवून त्याला लहान गोल झोके द्या, मिनिट-दीड मिनिट, दिवसातून चार वेळा. हात स्वतःच्या जोराने फिरवायचा नाही, तो अंगाच्या झोक्याने फिरला पाहिजे. दुसरं, जेवणाच्या टेबलाशी बसून तळव्याखाली पंचा ठेवा आणि तो पुढे सरकवत नेत धड पुढे झुकवा, मग परत. तिसरं, उताणं झोपून कोपराखाली घडी केलेला टॉवेल, कोपर काटकोनात, दोन्ही हातांत आडवी छत्री. चांगल्या हाताने छत्री ढकलत दुखरा हात हलकेच बाहेर न्यायचा, ओढ लागली की थांबायचं, १५-२० सेकंद धरायचं. पाच-सहा वेळा. आधी दहा-पंधरा मिनिटं शेक घ्या किंवा हे गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर करा. मधुमेहात कातडीची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून शेकाची पिशवी आधी चांगल्या हाताने तपासा, नाहीतर चटका बसलेला कळतही नाही.

रात्रीसाठी: उताणं झोपताना दंडाखाली आणि कोपराखाली उशी घ्या, म्हणजे खांदा मागे पडणार नाही. बहुतेकांना कळ याच मागे पडण्याने येते. डाव्या कुशीवर झोपायचं तर छातीशी एक जाड उशी किंवा लोड घेऊन त्यावर उजवा हात ठेवा. कपडे घालताना दुखरा हात बाहीत आधी, काढताना सगळ्यात शेवटी. ब्लाउजला काही महिने पुढे हुक लावून घ्या, शिंपी दहा मिनिटांत करून देतो. ज्या बायका हे करायला लाजतात त्या रोज सकाळी मागे हात नेऊन दुखणं उकरून काढतात, हे मी फार पाहिलंय. ही मागे नेण्याची हालचाल सगळ्यात शेवटी परत येते. सध्या तिच्या वाटेला जाऊ नका.

इंजेक्शनबद्दल. रोजच्या गोळ्यांच्या रूपाने महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड आणि सांध्यात एकदा दिलेलं स्टेरॉइड या वेगळ्या गोष्टी आहेत. भीती पहिल्याची असते आणि ती दुसऱ्यावर येऊन बसते. दुखण्याच्या काळात, म्हणजे तुम्ही आहात तिथे, सांध्यात दिलेल्या इंजेक्शनचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. पहिल्या दीड-तीन महिन्यांत दुखणं ठळक कमी होतं, झोप परत येते आणि व्यायाम सोसायला लागतो. तो परिणाम पुढे ओसरतो, आणि वर्षभराने इंजेक्शन घेतलेले व न घेतलेले यांत फार फरक उरत नाही. म्हणून मी इंजेक्शनला दार उघडणारी गोष्ट मानतो. त्या दोन-तीन महिन्यांत व्यायाम केला नाही तर बराचसा फायदा वाया जातो. जखडण्याच्या काळात, ठणका गेल्यावर, त्याचा उपयोग कमी.

तुमच्या बाबतीत अट एकच, साखरेची. इंजेक्शननंतर काही दिवस, कधीकधी आठवडाभर, साखर चढते. मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगा, घरी मशीन असेल तर त्या आठवड्यात रोज मोजा, गोळ्यांचा डोस स्वतःहून बदलू नका. एचबीएवनसी फार वर असेल तर डॉक्टर आधी साखर खाली आणायला सांगतील, ते योग्यच आहे. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, चेहरा लालसर होऊ शकतो, टोचलेल्या जागी कातडी क्वचित फिकी पडते. जंतुसंसर्ग अगदी विरळा, पण ताप आला, खांदा गरम होऊन सुजला तर त्याच दिवशी दाखवायचं. शक्य असेल तर सोनोग्राफीत बघून देणारे डॉक्टर निवडा, सुई नेमकी सांध्यात गेल्याची खात्री राहते. स्टेरॉइड नकोच असेल किंवा साखरेमुळे देता येत नसेल, तर खांद्याच्या मागे जाणाऱ्या नसेला भूल देऊन दुखणं उतरवण्याचा मार्ग आहे, त्याबद्दल विचारा. सलाइन भरून आवरण फुगवण्याचा उपचारही करतात, काहींना त्याने चांगला आराम पडतो. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र बंद करा. मधुमेहात मूत्रपिंडांची काळजी आधीच असते, त्या गोळ्या तिथेच त्रास देतात. कोणती, किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

ठणका उतरून झोप लागायला लागली की व्यायामाचं धोरण बदलतं. तेव्हा मी मागे लागतो. दाराच्या चौकटीला तळवा टेकवून, कोपर कमरेशी ठेवून अंग उलट्या बाजूला वळवायचं, म्हणजे पुढचा पट्टा ताणला जातो. भिंतीवर बोटांनी वर चढायचं आणि रोज कुठवर पोचलो तिथे पेन्सिलने खूण करायची. हे करताना खांदा कानाकडे उचलून फसवणूक होते, म्हणून आरशासमोर करा. दारावरून टाकलेल्या दोरीने चांगला हात दुखऱ्याला वर ओढतो, तेही चालतं. ताण अर्धा मिनिट धरायचा, दिवसातून तीन-चार वेळा, आणि हे महिनोन्‌महिने. इथे चिकाटीवर सगळं आहे. आठवड्यातून दोनदा फिजिओकडे जाऊन मधल्या दिवसांत काहीच न करणाऱ्याचा हात सुटायला फार वेळ लागतो. ताकदीचे व्यायाम, रबरी पट्टे, डंबेल्स हे त्यानंतर. हालचाल परत येण्याआधी त्यांची घाई नको.

दवाखान्यांतल्या मशीनच्या दहा बैठकांच्या पॅकेजबद्दल माझं मत कडवट आहे. शेक देणाऱ्या लहरींनी तात्पुरतं बरं वाटतं, आखडलेलं आवरण त्याने सैल होत नाही. पैसे मोजायचेच तर हातांनी काम करणाऱ्या आणि घरचे व्यायाम दर वेळी बदलून देणाऱ्या माणसाला मोजा. तेलाने हलकी मालिश करायला हरकत नाही, मानेचे-पाठीचे स्नायू अवघडलेले असतात त्यांना आराम पडतो. हाडवैद्याकडून झटका देऊन घेऊ नका. मधुमेही, पन्नाशी उलटलेल्या बाईचं हाड त्या झटक्यात मोडू शकतं.

झटक्यावरून आठवलं, भूल देऊन हात मोकळा करणं हा त्याच कल्पनेचा ऑपरेशन थिएटरमधला, नियंत्रित प्रकार. दुसरा पर्याय दुर्बिणीतून आवरण कापून सैल करण्याचा. ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांवर या दोन्हींची तुलना ‘इंजेक्शन आणि आखून दिलेली फिजिओथेरपी’ या तिसऱ्या मार्गाशी केली गेली. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तिघांपैकी कोणताच मार्ग रुग्णाला जाणवेल इतका सरस ठरला नाही, आणि गंभीर गुंतागुंती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जास्त झाल्या. दोन्ही शस्त्रक्रियांनंतरही फिजिओथेरपी करावीच लागते. थिएटरमध्ये मोकळा झालेला हात घरी बसून पुन्हा धरतो. मधुमेहींत या शस्त्रक्रियांचे निकाल जरा कमी चांगले येतात. माझ्या मते सहाव्या महिन्यात, रात्रीचा ठणका चालू असताना, एकही इंजेक्शन झालेलं नसताना तुम्ही थिएटरच्या दारात उभं राहायचं कारण नाही. इंजेक्शन आणि तीन-चार महिन्यांचे प्रामाणिक व्यायाम होऊनही हात तसूभर सरकला नाही आणि कामं अडली, तर तेव्हा ऑर्थोपेडिक सर्जनशी हे बोला. कुणी वर्षभर वाट पाहील, कुणी चार महिन्यांत कंटाळेल. कामाचं स्वरूप, साखर आणि सहनशक्ती बघून ठरवायची गोष्ट आहे ती.

शाळेपुरतं सांगायचं तर फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहा, वर लिहायचं असेल तर मुलांना उठवा, त्यांना ते आवडतंच. वह्यांचा गठ्ठा डाव्या हाताने किंवा पाठीवरच्या पिशवीतून न्या. एसटीत वरचा दांडा धरू नका. ब्रेक लागला की आखडलेल्या खांद्याला जो हिसका बसतो तो आठवडाभर पुरतो. दुचाकी चालवत असाल तर अचानक हँडल वळवताना हात पुरत नाही, तेव्हा सध्या मागे बसा.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. एकदा सुटलेला खांदा पुन्हा आखडणं फार क्वचित. दुसऱ्या बाजूचा मात्र पुढच्या काही वर्षांत धरू शकतो, मधुमेहात जास्तच. डाव्या दंडात रात्री कळ यायला लागली आणि कोपर कमरेला टेकवून हात बाहेर उघडताना अडू लागला, तर सहा महिने मानेचा पट्टा घालत बसू नका. त्या वेळी इंजेक्शन पहिल्या काही आठवड्यांतच विचारा.

आत्ता करायचं ते असं: एचबीएवनसी, टीएसएच आणि खांद्याचा दोन दिशांचा एक्स-रे. कोपर कमरेशी ठेवून दोन्ही हात बाहेर किती उघडतात याचा समोरून फोटो काढून ठेवा, दर महिन्याला तसाच काढा. मान वळवल्यावर दंडातली कळ बदलते का आणि बोटांत मुंग्या येतात का, हेही पाहा. हे सगळं हातात आलं की पुन्हा लिहा, म्हणजे इंजेक्शन आधी की थोडे दिवस नुसते झोके, यावर मला जास्त नेमकं बोलता येईल.